दादा, ड्रमर मिळेल का?

मुळशी तालुक्यात गिटारवाले मुबलक, ड्रमर दुर्मीळ. हिंजवडीतल्या कुठल्याही सोसायटीत शिरा, एखाद्या घरात भिंतीला टांगलेली गिटार सापडणारच. हेडफोन लावून ती रात्री दोनलाही वाजवता येते. ड्रम मात्र घरी आणला, की दुसऱ्या दिवशी सोसायटीचा सेक्रेटरी दारात उभा. म्हणून ज्याला ड्रम येतो तो तीन-तीन बँडांत वाजवतो. एकाच शनिवारी तिघांचेही कार्यक्रम आले, की माझा फोन वाजतो: "दादा, ड्रमर मिळेल का?"

मी ड्रमर नव्हे, साउंडवाला. कंपन्यांचे ॲन्युअल डे, भूगाव-पिरंगुटकडच्या पार्ट्या, लवळ्याच्या टेकडीवरचे कॉलेजांचे फेस्टिव्हल ही माझी शेती. प्रेक्षकांना बँड दिसतो तो कार्यक्रमापुरता. मला तो साउंडचेकपासून दिसतो, आणि माणसं कळतात ती तिथेच. गाणं संपवताना ड्रमरकडे सगळे बघतात. बेसवाला बघेनासा झाला, की पुढच्या वेळी दुसरा बेसवाला येणार हे मी ओळखतो.

हिंजवडीतल्या एका बँडचं सांगतो. नाव नको, कारण ते अजून चालू आहे. सगळे सॉफ्टवेअरमधले. पहिला गायक ऑनसाइट गेला तो तिकडचाच झाला. कीबोर्डवाल्याची बंगळुरूला बदली झाली. बेसवाल्याचं लग्न झालं. बायकोची हरकत नव्हती, पण रविवार दुपारची प्रॅक्टिस आणि सासूबाईंचं जेवण यांची वेळ एकच पडायची. मागे राहिला ऱ्हिदम गिटारवाला. बँडमधला सगळ्यात बेताचा वादक, हे त्यालाही ठाऊक होतं. पण त्याच्याकडे एक एक्सेल शीट होती. कोणतं गाणं कोणत्या स्केलमध्ये, टेम्पो किती, सोलो कुणाचा, शेवटची ओळ तीनदा म्हणायची की चारदा, सगळं त्यात. नवा माणूस आला, की पहिल्या रात्री त्याला ती शीट जायची आणि सोबत फोनवर केलेली प्रॅक्टिसची रेकॉर्डिंगं. कंपनीच्या बसमध्ये कानात बोंडं घालून वाकड ते फेज थ्री एवढ्या ट्रॅफिकमध्ये दोन गाणी सहज पाठ होतात.

माणूस बदलला की खरी पंचाईत पट्टीची. या बँडला पहिल्या गायकानंतर गायिका मिळाली. आवाज खणखणीत, पण जे गाणं तो पांढरी तीनमध्ये गायचा ते तिला पांढरी सहामध्ये हवं. लीड गिटारवाल्याचा सगळा रुबाब खालच्या मोकळ्या तारेवर बांधलेला. त्याला पाचव्या घरात कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावावा लागला. बोटं तीच, पण नाद मात्र बारीक, जवळजवळ मँडोलिनसारखा. तो दोन कार्यक्रम तोंड पाडून वाजवत होता आणि तिसऱ्याला आलाच नाही. म्हणजे गायक गेला, त्यामुळे पट्टी गेली, आणि पट्टीमुळे गिटारवाला गेला. बाहेर बोलबाला झाला तो "संगीतविषयक मतभेदां"चा.

ताशाचा किस्साही याच बँडचा. हिंजवडीतल्याच एका कंपनीच्या कार्यक्रमाला दोन तास उरले असताना ड्रमर भूमकर चौकात अडकलेला, आणि तिथून वेळेत पोचेल याची खात्री कुणीच देईना. माझ्याकडे केबल ओढायला तालुक्यातल्याच एका गावचा मुलगा होता, गणपतीत पथकात ताशा वाजवणारा. हात असा, की काड्या दिसू नयेत. पण ड्रमसेटवर अर्धं काम पायांचं, आणि पायाचं पेडल त्याने जन्मात दाबलेलं नव्हतं. शेवटी खालचा मोठा ठोका कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताला दिला आणि पोराला उभ्यानेच स्नेअर आणि टॉमवर सोडला. पहिली दोन गाणी निमूट गेली. तिसऱ्यात त्याला सूर सापडला म्हणा किंवा गणपती आठवला म्हणा, त्याने थेट मिरवणुकीतला हात सुरू केला. गायिका गाणं विसरून हसायला लागली आणि टाय लावलेली मंडळी खुर्च्या सरकवून नाचायला उठली. ड्रमर पोचला तेव्हा त्याला स्टेजवर कुणी घेईना.

लोकांना वाटतं, बँडमधली माणसं बदलायला लागली म्हणजे बँड संपत आला. मला हे पटत नाही. मोठ्या पातळीवरचं उदाहरण मुंबईचं आहे. १९८४ मध्ये तिथे रॉक मशीन नावाचा बँड उभा राहिला. महेश तिनईकर गिटारवर, मार्क सेल्विन बेसवर, मार्क मेनेझिस ड्रमवर. पुढच्या काही वर्षांत काही गेले, काही आले. उदय बेनेगल मुख्य गायक झाला, जयेश गांधी दुसऱ्या गिटारवर, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर. आणि नेमकी या आवक-जावकीनंतरची माणसं स्वतःची गाणी लिहायला लागली. कॉलेजांच्या फेस्टिव्हलमध्ये विलायती गाणी हुबेहूब वाजवणं हीच बँडची लायकी समजली जायची, त्या काळात 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम आला, १९८८ मध्ये. दोन वर्षांनी 'द सेकंड कमिंग'.

१९९३ मध्ये त्यांनी नावच बदललं, इंडस क्रीड. चालू दुकानाची पाटी बदलायची म्हणजे धंद्याच्या दृष्टीने वेडेपणा. पण त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला लॉस एंजेलिसच्या एमटीव्ही सोहळ्यात आशिया विभागाचा प्रेक्षकपसंती पुरस्कार मिळाला, तोही नव्या नावावर. म्हणजे माणसं बदलली, नाव बदललं, तरी बँड चालला. मग १९९७ मध्ये तो थांबला का? माझ्या मते हवा बदलली म्हणून. आशियाभरचं एमटीव्ही १९९४ मध्ये स्टारवरून गेलं, चॅनल व्ही आलं, १९९५ मध्ये अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'ने सगळ्यांना दाखवून दिलं की पैसा हिंदी पॉपमध्ये आहे. इंग्रजी गाणाऱ्यांचा पडद्यावरचा वेळ आटला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले, 'आम्स फॉर शांती' नावाने नवं काही करून पाहिलं.

२०१० मध्ये इंडस क्रीड परत आला तेव्हा जुने तिघे होते: तिनईकर, बेनेगल, बालापोरिया. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी ही नवी पिढी. २०१२ च्या 'इव्हॉल्व्ह'मध्ये त्या दोघांमुळे वजन आलं, जुन्या चाहत्यांना हे मान्य नसलं तरी. जय राव कवी ब्लॅकस्ट्रॅटब्लूज या बँडमध्येही वाजवतो. ड्रमरची टंचाई फक्त मुळशीत नाही, एवढंच मी म्हणेन.

उलट बाजूही आहे. बँड तोच राहून माणूस बदलण्याऐवजी माणूस तोच राहून बँड बदलत जातात. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे. वेल्वेट फॉग, सॅव्हेज एनकाउंटर अशा नावांखाली तो इंग्रजी रॉक गायला, अलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्युडास झाला आणि १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीच्या 'तीन पैशाचा तमाशा'त मराठी प्रेक्षकांसमोर उभा राहिला. त्याच्यामागची वादकमंडळी वेगवेगळी, आवाज एकच. पुण्याच्या अग्नी या बँडचंही थोडं तसंच. मोहन कन्नन आणि कौस्तुभ 'कोको' धवळे हे दोन खांब, बाकी माणसं कार्यक्रमागणिक.

आमच्या तालुक्यात सगळ्यात मोठी गर्दी बघितली ती मात्र बँडची नाही. ॲम्बी व्हॅलीत एन्चान्टेड व्हॅली कार्निव्हल भरायचा, तिथे डीजेंची चलती. एक माणूस, एक टेबल. ना कॅपो, ना बदली, ना सासूबाई. आम्हा साउंडवाल्यांचं काम हलकं, आणि किश्शांचाही दुष्काळ.

परवा हिंजवडीतल्या त्या कंपनीतून पुन्हा फोन आला. "तोच बँड हवा, ताशावाला. दुसरा नको." मी ऱ्हिदम गिटारवाल्याला फोन लावला. गायिका आता दुबईला. कीबोर्डवाला नवीन. ड्रमर दुसऱ्या बँडात पक्का झालेला. ताशावाल्या पोराने मधल्या काळात पेडल शिकून घेतलंय, पण त्याचे दर आता मला परवडत नाहीत. "नाव तेच आहे ना? मग तोच बँड. शीट पाठवतो सगळ्यांना," गिटारवाला म्हणाला, आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, "दादा, बेसवाला कुणी आहे का?"