बाल्कनचे सूर : ११ – सात मात्रा, तीन पावलं

आज बल्गेरियातल्या कोप्रिव्श्तित्साच्या कुरणावर, तिथल्या लोकसंगीताच्या मेळ्याला जायचं ठरलं होतं. पण सांगलीच्या एका वाचकाचं पत्र आठवडाभर डोक्यात घोळत राहिलं, म्हणून तो मेळा पुढच्या खेपेला. हे गृहस्थ तबला शिकवतात. गायदेवरचा, म्हणजे तिथल्या पिशवीच्या पुंगीवरचा, माझा आधीचा लेख वाचून त्यांनी रचेनित्सा या बल्गेरियन नाचाची ध्वनिमुद्रणं शोधून ऐकली आणि मला लिहिलं, 'मात्रा मोजल्या, सात भरल्या. मग हा आपला रूपकच ना?'

प्रश्न फार मोलाचा आहे. बल्गेरियन संगीताचं मर्म त्याच्या पोटात आहे, म्हणून आजचा सगळा लेख त्यालाच.

मात्रा सातच, हे खरं. पण रूपकाचे खंड ३-२-२, तर रचेनित्साचे २-२-३. तोंडाने म्हणून पाहा. रूपकाची मांडणी 'तकिट तक तक', रचेनित्साची 'तक तक तकिट'. लांब खंड शेवटी जातो. शिवाय रूपकाची सम खालीवर असते. रचेनित्सात खाली ही गोष्टच नाही. रूपकाच्या क्रमाने चालणारे नाचही बल्गेरियात आहेतच. सोफियाभोवतालच्या शोप मुलखातलं चेत्वोर्नो होरो घ्या (होरो म्हणजे हात धरून साखळीने करायचा नाच), किंवा नैऋत्येला पिरिनच्या डोंगराळ भागातली कितीतरी गाणी घ्या. तेव्हा रूपकाची सोयरीक जुळवायचीच, तर आधी पिरिनशी जुळवावी.

पण खंडांच्या क्रमापेक्षा मोठा फरक लयीचा आहे. मध्य लयीतल्या रूपकाचं आवर्तन चारेक सेकंद घेतं, विलंबितात तर कितीतरी जास्त. रंगात आलेल्या रचेनित्साचं आवर्तन साधारण सेकंदाभरात संपतं. म्हणजे मिनिटाला चारशेच्या आसपास मात्रा झाल्या. एवढ्या वेगात सात कोण मोजणार? नाचणारा मोजतो ती तीन पावलं : आखूड, आखूड, लांब. सात हा आकडा लिहून घेणाऱ्याच्या कामाचा. नाचणाऱ्याला एवढंच ठाऊक असतं, की तिसरं पाऊल जरा जास्त वेळ घेतं.

हे मला उमगलं ते प्लोव्दिव शहरातल्या एका चितालिश्तेत. वाचनालय, नाट्यगृह, गाण्याचे आणि नाचाचे वर्ग असं सगळं एका छपराखाली चालवणाऱ्या या संस्था गावोगावी आहेत. पहिल्या चितालिश्ते १८५६ साली निघाल्या, म्हणजे देश ऑटोमन अमलाखाली होता तेव्हा. तिथे साठीच्या एक बाई नवशिक्यांना रचेनित्सा शिकवत होत्या. तासाभरात त्यांनी एकही आकडा उच्चारला नाही. पहिली दोन पावलं चवड्यावर, जागच्या जागी. तिसऱ्या पावलाला गुडघा किंचित मोडून खाली जायचं आणि उसळून वर यायचं. त्या खाली जाण्यात जो वेळ लागतो, तीच ती जादाची मात्रा. एका तरुणाचे ओठ मोजताना हलत होते. बाई त्याच्या शेजारी गेल्या, त्याचा कोपर धरला आणि दर तिसऱ्या पावलाला तो हलकेच खाली दाबत राहिल्या. चार-पाच आवर्तनांत त्याचे ओठ थांबले आणि पाय चालू लागले.

साथीला तपान होता. हा खांद्याला अडकवायचा मोठा दुतोंडी ढोल. एका हातात जाड लाकडी दांडा, दुसऱ्या हातात बारीक काटकी. दांड्याचे घुमारदार ठोके नाचणाऱ्याला पाऊल दाखवतात आणि काटकी मधल्या मात्रा बारीक तडतडाटाने भरून काढते. नवख्या श्रोत्याचा कान त्या तडतडीत अडकतो आणि तो सात मोजत बसतो. कान दांड्यावर ठेवला की तीन पावलं स्वच्छ ऐकू येतात.

ही किल्ली हाती आली की बाकीच्या नाचांची कुलपंही उघडतात. पायदुश्को म्हणजे 'तक तकिट', पाच मात्रा पण पावलं दोन. दायचोवो म्हणजे 'तक तक तक तकिट', नऊ मात्रा आणि चार पावलं. कोपानित्सा म्हणजे 'तक तक तकिट तक तक'. अकरा मात्रा, पावलं पाच आणि लांब पाऊल बरोबर मधोमध.

कागदावर हे नीट उतरायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९१३ साली दोब्री ख्रिस्तोव या संगीतकाराने या विषम लयींची पद्धतशीर मांडणी केली. १९२७ साली वासिल स्तोइनचं छंद आणि लयीवरचं पुस्तक आलं. हंगेरीच्या बेला बार्तोकला या संशोधनाने इतकं झपाटलं, की त्याने स्वतः टिपून ठेवलेली रुमानियन गाणी पुन्हा तपासून दुरुस्त केली. १९३४ च्या त्याच्या पाचव्या तंतुवाद्य चौकडीतला एक भाग बल्गेरियन लयीत आहे, आणि 'मिक्रोकोस्मोस'मधल्या शेवटच्या सहा रचना तर बल्गेरियन नाचच आहेत.

आता पत्रलेखकांना सर्वांत जास्त नवल वाटेल ती गोष्ट. आपलं सगळं लक्ष समेकडे. गवई आणि तबलजी कुठेही भटकले तरी समेवर भेटतात, आणि बैठकीतून दाद येते. बल्गेरियातलं सर्वांत साधं, सगळ्यांना येणारं प्राव्हो होरो पाहा. नाचाचा एक फेर बहुधा तीन मापांचा, आणि सुरावटीची ओळ चार किंवा आठ मापांची. म्हणजे चालीची ओळ संपते तेव्हा नाच अर्ध्यातच असतो. चारच्या हिशेबाने दोघांची गाठ बाराव्या मापाला पडते, आठच्या हिशेबाने चोविसाव्या. त्या भेटीची वाट कुणीच पाहत नाही. माझा समेवर वाढलेला कान बरेच दिवस ती शोधत होता. नंतर कळलं, की चाल आणि नाच असे एकमेकांवरून सरकत राहतात म्हणूनच होरो तासन् तास चालूनही कंटाळवाणं होत नाही.

दोन्ही परंपरा एका ठिकाणी ऐकायच्या असतील तर डॉन एलिस ऐकावा. या अमेरिकन ट्रम्पेटवादकाने लॉस एंजेलिसमध्ये सतारवादक हरिहर राव यांच्याकडे आपल्या तालांचे धडे घेतले. पुढे प्लोव्दिवचा पियानोवादक मिल्चो लेव्हिएव त्याच्या वाद्यवृंदात आला. १९७१ च्या 'टिअर्स ऑफ जॉय' या तबकडीवरची 'बल्गेरियन बल्ज' ही रचना मी पत्रलेखकांना आग्रहाने सुचवतो.

आणि एक विनंती. शिष्यांना रचेनित्सा समजावताना तबल्यावर बोल वाजवण्याआधी त्यांना उभं करा, तिसऱ्या पावलाला गुडघे मोडायला लावा. बोल नंतर आपोआप बसतील.

कोप्रिव्श्तित्साच्या वाटेवरचा हा मुक्काम म्हणूनच गरजेचा होता. त्या कुरणावर नुसतं बसून ऐकायला कुणी देत नाही, हात धरून ओढतात. होरोच्या साखळीत म्होरक्याच्या शेजारी घुसू नये, शेपटाकडून शिरावं, हा तिथला पहिला शिष्टाचार. बाकीचे पुढच्या आठवड्यात.