पावती फाडण्याआधी विचारा

रमजान लागला की पेण-रोह्यात जुम्याच्या नमाजनंतर मदरशांचे प्रतिनिधी पावतीपुस्तक घेऊन मशिदीच्या दाराशी उभे दिसतात. देणारा विचारतो, ‘मुलं किती? इमारत कुठवर आली?’ शिकवतो कोण आणि त्याच्या शिकवण्याकडे पाहतो कोण, हे क्वचितच विचारले जाते.

मकतब म्हणजे मशिदीत सकाळ-संध्याकाळ भरणारा कुराणपठणाचा वर्ग. त्यातली मुले दिवसा नेहमीच्या शाळेत जातात. मदरसा म्हणजे पूर्णवेळ, बहुधा निवासी धर्मशिक्षण. जकात, म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतील अडीच टक्के वाटा, हा गरजूंचा हक्क. मौलवींचा पगार सहसा त्यातून देत नाहीत. तो ऐच्छिक देणगीतून निघतो. देणगी आटली की पगार रखडतो.

मदरशांत गणित, विज्ञानासारखे विषय शिकवण्यासाठी राज्य सरकारची डॉ. झाकीर हुसेन यांच्या नावाची योजना आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने त्यातील डीएड शिक्षकांचे मानधन 6 हजारांवरून 16 हजार, तर बीएड शिक्षकांचे 8 हजारांवरून 18 हजार करण्याचा निर्णय घेतला. हे चांगलेच झाले. पण नुसत्या मानधनाने वर्ग सुधारत नाही.

ज्यांचे नाव योजनेला आहे, ते 1926 मध्ये, तिशीही गाठली नसताना, जामिया मिल्लियाचे कुलगुरू झाले. संस्था डबघाईला आली होती. 1928 मध्ये तिथल्या शिक्षकांनी दरमहा 150 रुपयांहून अधिक न घेता 20 वर्षे सेवा करण्याची शपथ घेतली. शपथ घेणाऱ्यांत झाकीर हुसेनही होते. त्याग मागणारा स्वतः त्याच पंगतीत बसला होता.

प्रमुखाचे काम साधे असते. वर्गात मागे बसून पाठ ऐकायचा, नवख्या शिक्षकाला बाजूला घेऊन समजवायचे, छडीला मनाई करायची, पालकांची तक्रार आधी आपण ऐकायची. पण जिथे विश्वस्तच परस्पर हुकूम सोडतात, तिथे प्रमुख नावापुरता उरतो आणि शिक्षक दुसरी जागा शोधू लागतो.

ही अडचण एकट्या मदरशांची नाही. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेचा पट 150च्या वर गेल्यावरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. लहान गावच्या शाळेत गुरुजी वर्ग सांभाळून कागदपत्रेही भरतात. सहकाऱ्याचा पाठ ऐकायला त्यांना वेळ कुठून मिळणार?

म्हणून यंदा देणगी जरूर द्या, पण विचारा: मुख्य शिक्षक कोण? ते वर्गात जाऊन पाहतात का? शिक्षकांचा ईदआधीचा पगार झाला का?