हिशेबाचे सॉफ्टवेअर कोणाच्या मालकीचे?

1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला आणि अहिल्यानगरच्या कापड बाजारापासून दाळमंडईपर्यंत अनेक पेढ्यांना संगणकावर बिले करणे भाग पडले. किर्द-खतावणी कागदावर होती तोवर वही आपली होती. सॉफ्टवेअर मात्र आपण ‘विकत घेतले’ म्हणतो, पण हाती येतो तो बहुधा नुसता वापरण्याचा परवाना. दुरुस्तीसाठी विकणाऱ्याचेच दार ठोठवावे लागते.

याला पर्याय मुंबईतच तयार झाला आहे. रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायाच्या गरजेतून ईआरपीनेक्स्ट उभारले. हिशेब, साठा, खरेदी-विक्री सारे त्यात आहे. त्याचा परवाना जीपीएल आवृत्ती 3, सन 2007 चा. तो वापरणाऱ्याला चार हक्क देतो: कोणत्याही कामासाठी वापरणे, आतील रचना पाहून बदलणे, प्रत दुसऱ्याला देणे आणि बदललेली प्रतही देणे. नागापूर एमआयडीसीतील कारखानदाराला जॉबवर्कचे चलन वेगळ्या नमुन्यात हवे असेल, तर गावातल्या जाणकाराकडून ते करून घेता येते. मूळ कंपनीची परवानगी लागत नाही.

असा सॉफ्टवेअर सुट्या भागांत बांधलेला असेल तरच हा हक्क कामाचा. ईआरपीनेक्स्टचा पाया असलेले फ्रॅपे वेगळ्या, अधिक सैल एमआयटी परवान्याखाली आहे. 2022 च्या 14 व्या आवृत्तीपासून जीएसटीचा भागही वेगळा काढला गेला. कराचे नियम बदलले की तेवढाच भाग बदलता येतो.

येथे ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. सर्व्हर, मांडणी, नोकरांचे शिक्षण यांचा खर्च आहेच, शिवाय जीपीएल कसलीही हमी देत नाही. एकट्या किराणा दुकानदाराला हे ओझेच वाटेल.

खरी मेख पुढे आहे. सोर्स कोड देण्याचे बंधन सॉफ्टवेअरची प्रत हाती देणाऱ्यावर असते. सेवा देणाऱ्याने त्यात बदल करून ते स्वतःच्या सर्व्हरवर ठेवले आणि आपण इंटरनेटवरून नुसते वापरले, तर बदललेला कोड मागण्याचा हक्क जीपीएल देत नाही. ही फट बुजवणारा एजीपीएल परवाना आहे, पण ईआरपीनेक्स्टला तो लागू नाही. म्हणून कोड आणि रोजचा बॅकअप आपल्याला मिळेल, हे करारातच लिहून घ्यावे. तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवा, असे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच सांगावे.