सोलापूरचे पाणी आणि घरचे धुणे

पुण्याहून किंवा कोकणातून सोलापुरास येऊन बिऱ्हाड थाटणाऱ्या गृहिणीची पहिली तक्रार उन्हाविषयी असते व दुसरी पाण्याविषयी. पहिलीस इलाज नाही. दुसरी मात्र लक्ष देऊन ऐकण्यासारखी असते. डाळ तासभर चुलीवर राहूनही गळत नाही, भांड्यांवर पांढरी पुटे चढतात, आणि साबणाची वडी चोळून चोळून अर्धी झाली तरी फेस म्हणून दिसत नाही. उलट बादलीच्या कडेस करडा, चिकट साका मात्र धरतो. मग बाई साबणास दोष देतात, दुकान बदलतात, अधिक जाहिरातीची व अधिक किमतीची पूड आणून पाहतात.

साबण बिचारा निरपराधी असतो. आमचा प्रदेश पर्जन्यछायेतला. येथील काळ्या पाषाणातून झिरपत विहिरीत आणि बोअरमध्ये उतरणारे पाणी चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार पोटात घेऊन येते. शाळेच्या पुस्तकांत अशा पाण्यास ‘दुष्फेन’ असे नेटके नाव आहे. ज्यात फेस होणे दुष्कर ते दुष्फेन. व्यवहारात आपण त्यास जड पाणी म्हणतो. भीमेवरील उजनी धरणातून नळास येणारे पाणी बोअरच्या मानाने सौम्य खरे, परंतु गेली कित्येक वर्षे सोलापूरकरांनी ते तीन-तीन, चार-चार दिवसांआड भरले आहे. तेव्हा नळाचे पाणी पिण्यास व स्वयंपाकास राखावे आणि धुणे बोअरवर भागवावे, हा पुष्कळ घरांचा शिरस्ताच होऊन बसला.

घरच्या घरी धुण्याचा साबण किंवा पूड करण्याच्या नाना कृती हल्ली सुशिक्षित घरांतून फिरत असतात. काटकसर, हातांस न बोचणारे द्रव्य, नदीनाल्यांत कमी रसायन जावे अशी इच्छा, हे सर्व हेतू चांगलेच आहेत. परंतु यांतील बहुतेक कृती सुफेन पाण्याच्या मुलखात जन्मलेल्या आहेत, आणि त्या जशाच्या तशा आमच्या बादलीत उतरवल्या की फसतात. म्हणून कृतीच्या आधी थोडा हिशेब सांगतो. हा हिशेब मॅट्रिकच्या रसायनापलीकडे जात नाही.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा दर लिटरास २०० मिलिग्रॅम धरली आहे, आणि दुसरे पाणी मिळतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावे असे म्हटले आहे. समजा, आपल्या बोअरचे पाणी या वरच्या मर्यादेवर आहे. मग १० लिटरांच्या बादलीत सुमारे ६ ग्रॅम चुनखडीच्या तोलाचे क्षार विरघळलेले असतात. साबण म्हणजे तेलातील आम्लाचा सोड्याशी झालेला संयोग. पाण्यातील चुना भेटला की ते आम्ल सोड्यास सोडून चुन्यास बिलगते, आणि जो चुन्याचा साबण तयार होतो तो पाण्यात विरत नाही, फेसत नाही, मळही काढीत नाही. बादलीच्या कडेचा साका तो हाच. ६ ग्रॅम चुनखडीचे हे देणे फेडण्यात जवळजवळ ३५ ग्रॅम साबण फुकट जातो, आणि तोही कपड्यास हात लागण्यापूर्वी! हेच काम धुण्याच्या सोड्याची ६-७ ग्रॅम कोरडी पूड, म्हणजे चहाचा सव्वा चमचा, निमूटपणे करते. सोडा चुन्यास धरून खाली बसवतो व साबण आपल्या कामास मोकळा राहतो.

यावरून क्रम ठरतो. प्रथम बादलीत सोडा घालावा, ढवळावे, दहा-पंधरा मिनिटे थांबावे. पाणी किंचित गढूळ होऊन बुडाशी पांढरी भुकटी बसेल. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावे आणि मग त्यात साबण लावावा. साबण आधी व सोडा मागून, असे केल्यास साका आधीच धरलेला असतो. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. साबण लावलेला कपडा नुसत्या जड पाण्यात खळबळला की उरलासुरला साबण धाग्यांतच चुन्याशी मिळतो, आणि पांढरे धोतर चार धुण्यांत कळकट दिसू लागते. म्हणून खळबळण्याच्या पहिल्या पाण्यातही चिमूटभर सोडा असावा. आपले पाणी किती जड, याची परीक्षा सोपी आहे. दोन सारख्या बाटल्या घ्याव्यात, एकीत बोअरचे व दुसरीत पागोळ्यांचे धरलेले पाणी भरावे, दोहोंत साबणाचा सारखाच कीस टाकून हलवावे. जो फरक दिसेल त्याने घरातील मुलेही अर्धा तास गुंतून राहतात.

सोडा म्हटले की घोटाळा होतो, तो येथेच निस्तरतो. धुण्याचा सोडा निराळा, खाण्याचा सोडा निराळा आणि कॉस्टिक सोडा तर सर्वस्वी निराळा. खाण्याचा सोडा धुण्यास फार दुबळा. मात्र तो कोरड्या लोखंडी तव्यावर चांगला तापवला तर त्यातील वायू व पाणी उडून जाऊन त्याचाच धुण्याचा सोडा होतो. कॉस्टिक कातडी जाळतो. त्याचे काम पुढे येईल. किसलेला साबण, धुण्याचा सोडा व टाकणखार यांची जी पूड हल्ली फार सांगितली जाते, तीत वाईट काही नाही, परंतु ती आहे साबणच. सोड्याचा हिस्सा भरपूर नसेल तर ती आमच्या पाण्यात साका धरणारच. आमच्या सूनबाईंचे म्हणणे असे की, ही पूड धुण्याच्या यंत्रात मुळीच घालू नये, कारण साका यंत्राच्या पोटात साचतो. त्यांचे म्हणणे मला पटते.

आता रिठ्याविषयी. या फळावर माझी भक्ती आहे, हे आधीच सांगून टाकतो. संस्कृतात रिठ्यास अरिष्टक म्हणतात व फेनिल असेही त्याचे एक नाव आहे. फेस हाच ज्याचा धर्म तो फेनिल. आणि दुष्फेन पाण्यातही तो आपला धर्म सोडीत नाही. कारण त्यातील फेसाळ द्रव्य चुन्याशी संधान बांधून साका होत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीच्या प्रकरणात वस्त्रागणिक निराळे शोधन सांगितले आहे: रेशीम व लोकर यांस ऊष म्हणजे खारी माती, कुतप नावाच्या कांबळ्यांस अरिष्टक, अंशुपट्टास बेलफळ आणि क्षौमास पांढरी मोहरी. मनूच्या इतर वचनांविषयी कोणाचे काय मत असेल ते असो. जसे वस्त्र तसे शोधन, हा विचार मात्र आजच्या रसायनासही मान्य आहे. एका बाबतीत तेवढा मी स्मृतिकारापेक्षा आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायकांचा अनुभव प्रमाण मानतो. रेशमास खारी माती नको, रिठाच हवा. रेशीम व लोकर हे प्राणिज धागे आहेत, ते क्षाराने झिजतात व त्यांचे तेज जाते. रिठ्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असल्यामुळे त्यांस बाधत नाही. सोवळ्याचा मुकटा, पैठणी, धाबळी, शाल, हे सर्व रिठ्याचे मानकरी.

कृती अशी. वाळलेले रिठे फोडून आतील काळी बी काढून टाकावी. फेस सालीत व गरात असतो. १०० ग्रॅम साली १ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात, सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे उकळाव्यात, निवल्यावर हाताने कुस्करून फडक्याने गाळून घ्याव्यात. अर्धी बादली गार पाण्यास या काढ्याची एक वाटी पुरते. रेशमी वस्त्र त्यात पाच-दहा मिनिटे बुडवून हलक्या हाताने दाबावे, चोळू नये, पिळू तर मुळीच नये. दोन पाण्यांतून काढून सावलीत वाळवावे. रिठ्याचा फेस लवकर निघून जातो, त्यामुळे तिसरे पाणी सहसा लागत नाही, आणि आमच्या गावी एक बादली वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. काढा दोन-तीन दिवसांत आंबतो, म्हणून बेताचाच करावा. तो डोळ्यांत गेल्यास भयंकर झोंबतो. लहान मुलांपासून दूर ठेवावा. माशांस तो विषासारखा आहे, तेव्हा हौदात किंवा तळ्यात टाकू नये. सोनारही दागिने उजळण्यास रिठ्याचेच पाणी वापरतात, हे पुष्कळांस ठाऊक असेल.

परंतु भक्ती निराळी आणि अंधभक्ती निराळी. दिवाळीच्या अभ्यंगाचे तेलकट पंचे, स्वयंपाकघरातील फडकी, कामावरून आलेल्या सदऱ्यांच्या कॉलरी, यांपुढे रिठा हात टेकतो, आणि पांढऱ्या सुती कपड्यांवर त्याची पिवळट झाक राहते. तेथे साबणच पाहिजे.

विलायती साबण या देशात आला तेव्हा आपल्या घरांतून त्याजकडे संशयाने पाहिले जाई, आणि तो संशय निराधार नव्हता. साबणात प्राण्यांची चरबी वापरण्याची रीत सर्रास होती. लीव्हर कंपनीच्या सनलाइट साबणाची खोकी १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरली. त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी अर्देशर गोदरेज यांनी चरबीविरहित, केवळ वनस्पतितेलाचा साबण काढला, आणि स्वदेशीच्या अभिमान्यांची मोठी अडचण दूर झाली. घरी साबण करणाऱ्यास हा प्रश्नच राहत नाही, कारण तेल आपण आपल्या डोळ्यांदेखत ओततो.

आमच्या पाण्यास खोबरेलाचा साबण सर्वांत मानवतो. खाऱ्या पाण्यातही तो फेस देतो, म्हणून समुद्रावरील खलाशांसाठी याच तेलाचा साबण करीत असत. १ किलो खोबरेलास १७५ ग्रॅम कॉस्टिक व ३५० मिलिलिटर पाणी हे प्रमाण काट्यावर तोलून घ्यावे, अंदाजाने कधीही नव्हे. तेल बदलले की कॉस्टिकचे प्रमाण बदलते. शेंगदाण्याच्या तेलास १३० ग्रॅमच पुरे. हातमोजे व चष्मा घालून, उघड्या हवेत, कॉस्टिक पाण्यात थोडे थोडे सोडावे. पाणी कॉस्टिकवर ओतू नये, ते उसळून अंगावर येते. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लास्टिकचे असावे. ॲल्युमिनियमचे भांडे कॉस्टिक खाऊन टाकते. दोन्ही कोमट झाल्यावर हे पाणी तेलात धार धरून घालावे व मिश्रण पातळ श्रीखंडासारखे होईतो ढवळावे. मग साच्यात ओतावे आणि घट्ट होताच वड्या पाडाव्यात, उशीर केल्यास त्या फुटतात. वड्या चार ते सहा आठवडे हवेशीर फळीवर ठेवल्याशिवाय वापरू नयेत. हा साबण बाजारच्या वडीहून स्वस्त पडेल अशा भ्रमात कोणी राहू नये. खोबरेलाचा भाव पाहता तो महागच पडतो. स्वयंपाकघरात लहान मुलांची वर्दळ असेल तर हा उद्योगच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिली पूड. घरच्या पुडीने इतिहास घडवल्याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. अहमदाबादेस सरकारी खात्यात रसायनज्ञ असलेले करसनभाई पटेल यांनी १९६९ साली घराच्या अंगणात धुण्याची पूड कालवण्यास आरंभ केला आणि ती सायकलवरून घरोघर विकली. निर्मा ती हीच. मुलीच्या नावावरून तिचे नाव ठेवलेले. अशी पूड करण्याचे शिक्षण हल्ली महिला बचत गटांतही देतात. तिचे मुख्य द्रव्य ज्यास बाजारात ॲसिड स्लरी म्हणतात ते. ते सोड्यात कालवतात. या द्रव्याचा मोठा गुण असा की, जड पाण्यात त्याचा साका धरत नाही. परंतु ते काकवीसारखे दाट, जळजळीत आम्ल आहे. सोड्याशी मिळताना ते तापते, फसफसते, आणि उघड्या हातांस भाजते. पटेल रसायनज्ञ होते, हे विसरून चालणार नाही. दोन किलो पुडीसाठी घरात हे आम्ल आणण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. रोजच्या सुती धुण्यास बाजारची साधी, बिनमिजाशी पूड घ्यावी, मात्र पाण्यात आधी सोडा घालून पुडीचे माप अर्ध्यावर आणावे. फेस अधिक म्हणजे स्वच्छता अधिक, ही समजूत जाहिरातींनी रुजवलेली आहे. फेस काढण्यास पाणी लागते, आणि तेच तर आपल्याजवळ नाही.

संक्रांतीस सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर चालणाऱ्यांची पांढरी बाराबंदी ज्या घरात धुण्यास येते, तेथे हळदीच्या डागांचा प्रश्न ठरलेला. सोड्याचे किंवा साबणाचे पाणी लागताच पिवळा डाग एकाएकी तांबडा होतो व धुणारी घाबरते. घाबरू नये; क्षार लागला की हळद तांबडी होते, हळदीपासून कुंकू करतात ते याच गुणाच्या आधारे. चांगले धुऊन, लिंबाच्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाकावे. दोन-तीन उन्हांत डाग उडतो. सोलापूरच्या उन्हाविषयीच्या पहिल्या तक्रारीस एवढी भरपाई मिळाली म्हणावयाची.

ज्या गावच्या चादरी व टॉवेल देशभर जातात त्या गावात टॉवेल फळीसारखे ताठ व्हावेत, ही मात्र शोभेची गोष्ट नव्हे. नवा टॉवेल पाणी टिपेनासा झाला की दोष विणकरास देतात. बहुधा त्याच्या फासांत चुन्याचा साका बसलेला असतो. गरम सोड्याच्या पाण्यात अर्धा तास भिजवून, खळबळून, शेवटच्या बादलीत दोन लिंबांचा रस किंवा अर्धी वाटी शिरका घालावा, म्हणजे तो पुन्हा मऊ होतो. चादरीस सोडा जपून लावावा, उलटी करून सावलीत वाळवावी. रिठ्याचे निथळलेले पाणी झाडांस चालते. सोड्याचे व साबणाचे पाणी मात्र तुळशीवृंदावनात किंवा कुंड्यांत ओतू नये, आपली काळी माती त्याने दगडासारखी आवळते. त्याने फरशी पुसावी, उरलेले मोरीत जाऊ द्यावे.