ब्रायटनचा राजवाडा आणि ब्रायटनची रात्र

समुद्रकाठचे गाव म्हटले की आपल्यापुढे होड्या, वाळत घातलेली मासळी आणि ग्रामदेवतेची जत्रा उभी राहते. समुद्र हा पोटाचा धनी. त्याच्याकडे केवळ मन रमविण्यासाठी जावे, ही कल्पना आपल्याकडे अलीकडची. इंग्लंडातही ती फार जुनी नाही. लंडनच्या दक्षिणेस सुमारे पन्नास मैलांवर, ससेक्स परगण्यात वसलेले ब्रायटन शहर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वादळांनी खचलेले कोळ्यांचे गाव होते. आज ते नाटक, संगीत, उत्सव आणि रात्रीची गजबज यांसाठी सर्व इंग्लंडात ओळखले जाते. हे स्थित्यंतर कसे घडले आणि त्याचा भार कोणी वाहिला, हे सभागृहे व संमेलने चालविण्याची दगदग ज्यांनी सोसली आहे अशा वाचकांस विशेष उद्बोधक वाटेल.

प्रारंभ केला तो एका वैद्याने. डॉ. रिचर्ड रसेल याने १७५० साली लॅटिन भाषेत एक ग्रंथ लिहून, ग्रंथिरोगांवर समुद्राचे पाणी स्नानासाठीच नव्हे तर पिण्यासाठीही उपयुक्त असल्याचे प्रतिपादिले. रोगी आले, रोग्यांच्या मागोमाग धडधाकट माणसेही आली. आणि सकाळी खारे पाणी घशाखाली घालणाऱ्या या मंडळींना संध्याकाळी नाच, पत्ते व नाटक हवेसे वाटू लागले. करमणूक तेथे औषधाचे बोट धरून आली म्हणावयाची. १७८३ साली युवराज जॉर्ज (पुढे चौथा जॉर्ज) प्रथम तेथे आला आणि गावाचे नशीबच पालटले. १८०७ साली ‘हॅम्लेट’ने उघडलेले थिएटर रॉयल हे नाट्यगृह आजही चालू आहे.

युवराजाचे समुद्रकाठचे घर प्रथम, १७८७ साली, हेन्री हॉलंडने साधेसे बांधले होते. त्यानंतर विल्यम पॉर्डनने १८०३ ते १८०८ या काळात घोड्यांसाठी पागा बांधली. तिचा घुमट ऐंशी फूट व्यासाचा! पागेची ही भारतीय धाटणी पाहून घरालाही तोच साज चढविण्याचे ठरले, आणि १८१५ पासून आठएक वर्षांत जॉन नॅशने कांद्यासारखे घुमट, मिनार व जाळ्या यांनी नटलेला रॉयल पॅव्हिलियन उभा केला. नॅशने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. टॉमस व विल्यम डॅनिएल या चुलत्या-पुतण्यांची चित्रे हाच त्याचा आधार. याच टॉमस डॅनिएलने, पुण्याच्या दरबारी वावरलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराच्या रेखाटनांवरून १८०३ साली वेरूळची चित्रे प्रसिद्ध केली होती, हे येथे सहज आठवते. पॅव्हिलियन बाहेरून हिंदुस्थानी आणि आतून चिनी. वास्तुशास्त्राच्या काटेकोर दृष्टीने ही खिचडीच होय. पण ती उत्साहाने शिजविलेली खिचडी आहे, आणि तिच्यात कंटाळवाणे असे काही नाही.

ब्रायटनच्या कलाजीवनाचा खरा पाया मात्र राजाने घातला नाही, असे मला वाटते. व्हिक्टोरिया राणीस हा वाडा रुचला नाही; १८४५ नंतर ती तेथे राहिली नाही. आतले सामान लंडनला हलविण्यात आले आणि रिकामी वास्तू पाडली जाण्याचा धोका निर्माण झाला. तेव्हा, १८५० साली, गावाने ती ५३,००० पौंडांना विकत घेतली. नगरवासीयांत यावरून दोन तट पडले होते. ओस पडलेल्या वाड्यावर करदात्यांचा पैसा का घालावा, हा विरोधकांचा प्रश्न वेडगळ नव्हता. उत्तर मिळण्यास काही वर्षे लागली. १८६७ साली पागेच्या घुमटाखाली सार्वजनिक सभागृह उघडले, पुढे त्याच आवारात वस्तुसंग्रहालय आले. आणि घोड्यांच्या त्या जागेत १९७४ साली ‘आबा’ या स्वीडिश गायकवृंदाने युरोव्हिजन स्पर्धा जिंकली.

१८४१ साली लोहमार्ग आल्यावर लंडनचा कामकरी वर्ग एका दिवसाच्या सहलीसाठी येऊ लागला. समुद्रात दूरवर गेलेले करमणुकीचे धक्के त्याच्यासाठी. १८६६ सालचा पश्चिम धक्का १९७५ साली बंद झाला, २००३ साली आगींत होरपळला, आणि आज त्याचा लोखंडी सांगाडाच पाण्यात उभा आहे. १८९९ सालचा धक्का अद्याप गजबजलेला असतो.

१९६७ साली ब्रायटन महोत्सव सुरू झाला. तो मे महिन्यात भरतो. त्याच्या जोडीला कोणासही भाग घेता येईल असा ‘फ्रिंज’ नावाचा मुक्त उत्सवही असतो. हमरस्त्याच्या खालच्या कमानींत, जेथे एके काळी कोळी आपली जाळी ठेवीत, तेथे रात्रीचे नृत्यगृह व संगीतगृह आले. १९८० च्या दशकातील ‘झॅप’ हे त्यांपैकी नामांकित. तेथे प्रायोगिक नाट्य आणि नाचरंग एकाच छपराखाली नांदले.

ही रात्र फुकट मिळत नाही, हे जुलै २००२ मध्ये कळून चुकले. नॉर्मन कुक (फॅटबॉय स्लिम) याने समुद्रकिनाऱ्यावर विनामूल्य संगीताचा कार्यक्रम केला. साठ हजारांची अपेक्षा होती; आले सुमारे अडीच लाख. भरतीने किनारा अरुंद केला, परतीच्या गाड्या अपुऱ्या पडल्या, जीवितहानीही झाली. पुढचा कार्यक्रम १ जानेवारी २००७ रोजी तिकीट लावून, संख्या मर्यादित ठेवूनच करावा लागला. उत्सव म्हणजे मुक्तद्वार हे म्हणणे गोड आहे खरे, पण दाराशी उभे राहून माणसे मोजणारा कोणीतरी असावाच लागतो. याउलट २१ डिसेंबरला, वर्षाच्या सर्वांत दीर्घ रात्री, कागद व वेताचे कंदील घेऊन निघणारी मिरवणूक पाहावी. नाताळच्या बाजारी झगमगाटास उत्तर म्हणून ती सुरू झाली. कंदील लोक स्वतः करतात, आणि शेवटी किनाऱ्यावर ते जाळून टाकतात. गणपती विसर्जन करणाऱ्यांस यातील भाव समजावून सांगावयास नको.

याच पॅव्हिलियनात डिसेंबर १९१४ ते जानेवारी १९१६ पर्यंत फ्रान्सच्या रणांगणावरील जखमी हिंदी सैनिकांचे रुग्णालय होते. घुमटाखालच्या सभागृहात खाटांच्या रांगा लागल्या; निरनिराळ्या धर्मांच्या व जातींच्या सैनिकांसाठी स्वयंपाकघरे वेगळी ठेवण्यात आली. त्यांपैकी जे हिंदू व शीख दगावले, त्यांच्यातील ५३ जणांचे दहन गावाबाहेर पॅचमजवळच्या उघड्या टेकडीवर झाले. मुंबईचा तरुण वास्तुशिल्पी ई. सी. हेन्रिकेस याच्या आराखड्यानुसार तेथे पांढऱ्या संगमरवराची छत्री उभारण्यात आली आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचे अनावरण झाले. २००९ सालच्या महोत्सवाचे पहिले पाहुणे संचालक होते मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर. त्यांनी आपले ‘सी-कर्व्ह’ हे वक्र आरशाचे प्रचंड शिल्प गावातील चौकात न मांडता या छत्रीजवळ मांडले. २०१० साली ५३ जणांची नावे कोरलेला शिलालेख तेथे बसला, आणि दर जूनमध्ये त्यांच्या स्मरणार्थ लोक तेथे जमतात. छत्रीपर्यंत वाहनाचा रस्ता नाही. शेवटचा टप्पा पायवाटेनेच चढावा लागतो.