पाणी, सांडपाणी आणि परिभाषा : राष्ट्रीय गुंतवणुकीच्या नियोजनाचा विचार

सार्वजनिक पाणीपुरवठा व मलनिःसारण यांसाठी राष्ट्रीय पातळीवर जी गुंतवणूक योजिली जाते, तिची चर्चा बहुधा रकमेपासून सुरू होते आणि रकमेशीच संपते. वस्तुतः रक्कम ही नियोजनाची अखेरची पायरी होय. तिच्या आधी दुसराच एक निर्णय झालेला असतो. गरज कोणत्या एककात मोजावयाची आणि ती भागली असे केव्हा म्हणावयाचे, हा तो निर्णय. वरकरणी तो केवळ परिभाषेचा वाटतो. परंतु अंदाजपत्रकातील आकडे त्यातूनच निघतात. स्वातंत्र्योत्तर भारतातील योजनांच्या आधारे या संबंधाचे विवेचन येथे करावयाचे आहे.

भारतीय संविधानाप्रमाणे पाणीपुरवठा व सार्वजनिक आरोग्य हे विषय राज्यांच्या सूचीत मोडतात. केंद्राचा सहभाग मुख्यतः अनुदानाच्या रूपाने असतो; आणि अनुदान वाटावयाचे तर सर्व राज्यांस लागू पडेल असे समान परिमाण आवश्यक ठरते. १९५४ मध्ये राष्ट्रीय पाणीपुरवठा कार्यक्रम सुरू झाला व १९७२-७३ मध्ये वेगवर्धित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रम आला. ज्या गावास १.६ किलोमीटरच्या आत पाण्याचा कायम उद्भव नाही, ज्याचे पाणी १५ मीटरांहून खोल आहे, किंवा ज्याच्या पाण्यात क्षार, लोह, फ्लोराइड अथवा रोगजंतू यांचा दोष आहे, ते ‘समस्याग्रस्त गाव’ अशी व्याख्या त्या काळात रूढ झाली. पुढे गावाच्या जागी वस्ती हे एकक आले; दरडोई दररोज ४० लिटर पाणी आणि २५० माणसांमागे एक हातपंप किंवा सार्वजनिक नळ, असे प्रमाण ठरले. अंतराची मर्यादा सपाट प्रदेशात १.६ किलोमीटर हीच राहिली.

ही दोन प्रमाणे एकत्र ठेवून पाहिली असता त्यांतील विसंगती ध्यानात येते. पाच माणसांच्या कुटुंबास दरडोई ४० लिटर या हिशेबाने दररोज २०० लिटर पाणी लागेल. वीस लिटरांच्या हंड्याने ते आणावयाचे तर दहा खेपा होतात. उद्भव १.६ किलोमीटर दूर असल्यास जाऊन-येऊन दहा खेपांची चाल ३२ किलोमीटर भरते; तिच्यातील निम्मी डोईवर भार घेऊन. इतके पाणी इतक्या दुरून कोणतेही कुटुंब रोज आणू शकणार नाही, हे उघड आहे. तथापि कागदावर ती वस्ती निकषात बसत असे. पाणी वाहण्याचे श्रम, म्हणजे बहुतांशी स्त्रियांचे श्रम, या व्याख्येत कोठेच नोंदले गेले नव्हते. आणि जे नोंदले जात नाही त्यासाठी निधीची तरतूदही होत नाही.

दुसरी अडचण ‘आच्छादित’ या शब्दाची. वस्त्यांचे पूर्णतः आच्छादित, अंशतः आच्छादित व अनाच्छादित असे तीन वर्ग केले जात. व्याकरणदृष्ट्या ‘आच्छादित’ हे भूतकाळवाचक धातुसाधित होय. क्रिया पूर्ण झाली, असा त्याचा अर्थ. पाणीपुरवठा ही मात्र रोज नव्याने घडावी लागणारी क्रिया आहे. भूजलाची पातळी खाली जाते, हातपंप नादुरुस्त होतो, लोकसंख्या वाढते, विंधणविहिरीच्या पाण्यात फ्लोराइड आढळते. आणि एकदा आच्छादित ठरलेली वस्ती पुनश्च अनाच्छादित होते. हा प्रकार इतका सार्वत्रिक झाला की शासकीय परिभाषेत अशा ‘मागे घसरलेल्या’ वस्त्यांसाठी स्वतंत्र संज्ञा रूढ करावी लागली. २०१२ ते २०१७ या काळातील राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रमाची तपासणी भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी केली. ८१,१६८ कोटी रुपये खर्च होऊनही वस्त्यांचे आच्छादन ४० लिटरांच्या निकषाने ८ टक्क्यांनी आणि ५५ लिटरांच्या निकषाने ५.५ टक्क्यांनीच वाढल्याचे तीत दिसून आले.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनने एकक पुन्हा बदलले. आता वस्तीऐवजी घर मोजले जाते. त्या वेळी ३.२३ कोटी, म्हणजे सुमारे १७ टक्के, ग्रामीण घरांत नळ होता. २०२५ पर्यंत ही संख्या १५ कोटींच्या वर गेली. खर्चाचा मूळ अंदाज ३.६० लाख कोटी रुपयांचा होता. पाणी वाहण्याचे श्रम या व्याख्येमुळे प्रथमच हिशेबात आले, हे तिचे मोठे श्रेय होय. नळजोडणीस ‘कार्यक्षम’ हे विशेषण लावून दरडोई दररोज ५५ लिटर, विहित गुणवत्ता व नियमितता या तीन अटी तीत घालण्यात आल्या. परंतु नळ बसविल्याची नोंद एकदा होते, तर त्याची कार्यक्षमता रोज पारखावी लागते. २०२५ च्या अर्थसंकल्पात मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढविताना बांधकामाचा दर्जा आणि देखभाल-दुरुस्ती यांवर भर देण्यात आला, यावरून प्रश्नाचे हे अंग शासनासही जाणवल्याचे दिसते.

तिसरी अडचण सर्वांत दूरगामी आहे. सांडणे या क्रियापदाचा जुन्या मराठीतील अर्थ त्यागणे असा आहे. सांडपाणी म्हणजे टाकून दिलेले पाणी. आणि नियोजनातही दीर्घकाळ त्याचे स्थान तेच राहिले. वास्तविक ही दोन पाणी नव्हेत. पुरविलेल्या पाण्याचा सुमारे ८० टक्के भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो, असे अभियांत्रिकी नियोजनात धरले जाते. भुयारी गटारे असलेल्या शहरासाठी दरडोई १३५ लिटरांचे प्रमाण घेतल्यास एक लाख वस्तीच्या शहरास दररोज १.३५ कोटी लिटर पाणी लागते आणि तेथून १.०८ कोटी लिटर सांडपाणी निघते. म्हणजे पुरवठ्याची योजना मंजूर करताच सांडपाण्याचे दायित्वही निर्माण झालेले असते. ते हिशेबात धरले नाही म्हणून नाहीसे होत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाच्या नागरी भागात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होत होते. प्रक्रिया केंद्रांची स्थापित क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर, म्हणजे ४४ टक्के होती. प्रत्यक्ष प्रक्रिया २०,२३६ दशलक्ष लिटरांवर, म्हणजे २८ टक्क्यांवरच होत होती. उरलेले पाणी नद्या, नाले व भूजल यांत मिसळते आणि खालच्या अंगास असलेल्या गावाचा उद्भव दूषित करते. त्या गावाला मग नव्या योजनेची गरज भासते. एका खात्यात वाचविलेला पैसा अशा रीतीने दुसऱ्या खात्यातून खर्च होतो.

या आकड्यांतील ४४ व २८ यांमधील अंतर विशेष विचारणीय आहे. पहिला आकडा बांधकामाचा, दुसरा कामाचा. या दोहोंमध्ये वीजबिल, कुशल कर्मचारी, केंद्रापर्यंत न पोचलेल्या गटारवाहिन्या आणि नगरपालिकेचे अपुरे उत्पन्न येते. भांडवली अनुदान केंद्र व राज्य देतात. चालविण्याचा भार मात्र बहुधा स्थानिक संस्थेवर पडतो आणि पाणीपट्टीतून तो क्वचितच भागतो.

यास्तव राष्ट्रीय गुंतवणुकीचे नियोजन करताना पाणी व सांडपाणी यांचा अंदाज एकाच पत्रकात मांडणे, भांडवली खर्चास मंजुरी देतानाच पुढील काळाच्या चालनखर्चाची सोय दाखविणे, आणि बांधलेल्या कामाऐवजी पोचलेले व शुद्ध करून सोडलेले पाणी मोजणे, या तीन गोष्टी आवश्यक ठरतात. त्यांपैकी एकीसही प्रथमतः अधिक निधी लागत नाही. लागते ती अधिक काटेकोर व्याख्या. ती सैल राहिली, तर निधी कितीही वाढला तरी त्याच वस्तीसाठी पुनःपुन्हा योजना आखण्याची वेळ येत राहील.