पेटी चरखा जुना असला म्हणून बापूंचा होत नाही

माळा आवरताना पेटी चरखा सापडला की वर्धा जिल्ह्यात एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘याला परदेशात कोटी रुपये मिळतात.’ मग मोबाइलवर फोटो फिरतात आणि बघता बघता तो चरखा ‘बापूंनी आमच्या आजोबांना स्वतः दिलेला’ होऊन बसतो. इतक्या वेळा हे ऐकलं आहे की आता स्पष्ट लिहायलाच हवं.

कोटीची गोष्ट खोटी नाही. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यात मलॉक्स या लिलावगृहाने एक पेटी चरखा १ लाख १० हजार पौंडांना विकला. तेव्हाच्या दराने ही रक्कम एक कोटी रुपयांच्या वर जाते. मात्र तो चरखा गांधीजींनी येरवडा तुरुंगात वापरलेला होता आणि १९३५ मध्ये त्यांनी तो रेव्हरंड फ्लॉइड पफर या अमेरिकी मिशनऱ्याला दिला होता. पफर फ्री मेथॉडिस्ट पंथाचे. या पंथाचं मिशन आपल्या शेजारच्या यवतमाळात होतं. कोणी वापरला, कोणाला दिला, कोणत्या वर्षी दिला, हे सगळं त्या चरख्यासोबत आलं होतं. पैसे मोजले गेले ते त्यासाठी. तसाच दुसरा चरखा, त्याच लाकडाचा, त्याच काळातला, पण मागे काही पुरावा नसलेला, त्या रकमेच्या आसपासही जाणार नाही.

‘पण हातानं बनवलेली जुनी वस्तू आहे, तिला मोल नाही का?’ असं लगेच विचारलं जातं. हातकामाला मोल येतं, पण त्याची रीत वेगळी आहे. अमेरिकेत जॉर्ज बालाबुश्का नावाचे कारागीर होऊन गेले. १९७५ मध्ये ते वारले. त्यांनी बनवलेले पूल खेळायचे क्यू आज संग्राहक भरपूर पैसे देऊन घेतात, कारण तो प्रत्येक क्यू एकाच माणसाच्या हातचा आणि मोजक्यांपैकी एक असतो. तिथेही नुसत्या सांगण्यावर कोणी पैसे देत नाही. जाणकार सांधा, जडणकाम, लाकडाची घडण तपासतो. ‘द कलर ऑफ मनी’ या १९८६च्या चित्रपटात बालाबुश्का म्हणून मिरवलेला क्यू प्रत्यक्षात जॉस कंपनीचा होता!

पेटी चरख्याचा हेतूच याच्या उलट. १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं, ते कोणालाच मिळालं नाही. पुढे गांधीजींच्या १९३०पासूनच्या येरवड्यातल्या तुरुंगवासात पेटीत मावणारा चरखा आकाराला आला, म्हणून त्याला ‘येरवडा चक्र’ म्हणतात. मोठं चाक लहान चाकाला फिरवतं, लहान चाक चातीला, म्हणजे सूत कातणाऱ्या सळीला; दोन टप्प्यांत वेग वाढतो आणि झाकण लावलं की चरखा हातात धरून प्रवासाला नेता येतो. एकाच कारागिराची सही मिरवावी म्हणून तो घडवलेला नाही. कोणत्याही चांगल्या सुताराला करता यावा, घरोघरी पोचावा, हीच त्यामागची इच्छा होती आणि ती बऱ्याच अंशी पुरी झाली. मगनवाडी आणि सेवाग्राम ज्या वर्धा जिल्ह्यात, तिथे तर अनेक घरांत सूतकताई होती. स्वातंत्र्यानंतरही पेटी चरखे बनत राहिले, आजही नवे मिळतात. तेव्हा माळ्यावरचा चरखा १९३५चा की १९७५चा, हे नुसत्या धुळीवरून ठरवता येत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. ‘आमच्याकडे बापूंचा अंबर चरखा आहे’ हे अशक्य आहे. अंबर चरखा तमिळनाडूच्या एकंबरनाथन यांनी घडवला आणि तो गांधीजींच्या निधनानंतर आला. ‘घरी ठेवला तर सरकार जप्त करतं’ हेही चूक. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात सर्वसाधारण वस्तूला शंभर वर्षांची अट आहे आणि पेटी चरख्याने अजून शंभरी गाठलेली नाही. पॉलिशने भाव वाढतो, असं सांगणाऱ्याच्या हाती तर चरखा देऊच नका. पॉलिश करताना हाताच्या वापराने गुळगुळीत झालेल्या जागा आणि जुन्या खुणा पुसल्या जातात, आणि वस्तूचं वय ओळखायला त्याच उपयोगी पडतात.

या अफवांचा मला मनापासून राग येतो, कारण नुकसान आपल्याच वारशाचं होतं. ज्या वस्तूचं मोल ठाऊक असतं ती चोरीला जाते: सेवाग्राम आश्रमातून बापूंचा चष्मा चोरीला गेल्याचं २०११ मध्ये उघड झालं. आणि घरोघरी उलटंच घडतं: कोटीची आशा फोल ठरली की तोच चरखा भंगारवाल्याकडे जातो. ज्या आजीने त्यावर वर्षानुवर्षं सूत कातलं, तिचं नाव कुठे लिहिलेलंही राहत नाही.

तुमच्या घरी पेटी चरखा असेल तर चरखा कोणाचा, कुठून आणला, कोण कातत होतं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच तारखेसह लिहून ठेवा. चरखा संघाची पावती, सुताची नोंदवही, जुना फोटो, काही सापडलं तर त्याच पेटीत जपा. ठेवायला जागा नसेल तर विकण्याआधी वर्ध्याच्या मगन संग्रहालयात विचारा. १९३८ मध्ये खुद्द गांधीजींच्या हस्ते उघडलेलं हे संग्रहालय खादी आणि ग्रामोद्योगांसाठीच आहे. आणि लाकूड शाबूत असेल तर नवी माळ घाला, चात सरळ करून घ्या, कातायला कापसाचे पेळू आणा. तो चरखा आजही सूत काढेल.